वेळ की नाव? : मुंबई उपनगरी रेल्वेच्या फलाटावरील इंडिकेटरचे वापरसुलभतेच्या दृष्टीने परीक्षण

प्रस्तावना

सार्वजनिक ठिकाणी लावलेल्या मजकुराची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. कविता, कादंबरी, नाटक यांच्या संहितांचे बारकाईने वाचन होते, वर्तमानपत्रांच्या भाषेविषयी परिसंवाद होतात. परंतु रोज लाखो माणसे मान वर करून जी एक ओळ वाचतात, तिच्याकडे संहिता म्हणून पाहावे असे कोणाला सहसा वाटत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या फलाटावर टांगलेला इंडिकेटर ही अशीच एक संहिता आहे. तिचा वाचक बसलेला नसतो. तो चालत वा धावत असतो. वाचनासाठी त्याला दोन-चार सेकंद मिळतात आणि वाचनाचे फलित म्हणजे समोरच्या गाडीत चढणे किंवा न चढणे. अर्थनिर्णयाची इतकी घाई आणि अर्थ चुकल्याचा इतका तात्काळ परिणाम क्वचितच दुसऱ्या कोणत्या मजकुराच्या वाट्याला येत असेल.

संगणकाच्या क्षेत्रात ‘युजेबिलिटी’ या नावाने जी विचारपद्धती विकसित झाली, तिला येथे ‘वापरसुलभता’ असे म्हटले आहे. या पद्धतीचे निकष फलाटावरील इंडिकेटरला लावून पाहणे आणि तसे करताना खुद्द त्या निकषांनाही थोडे तपासून घेणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी हेतू आहे. इंडिकेटर वाईट आहे असे सिद्ध करणे हा हेतू नाही. सरावलेल्या प्रवाशाला तो चांगला उपयोगी पडतो. तो कोणाला उद्देशून बोलतो आणि कोणाला वगळतो, हा खरा प्रश्न आहे.

निकषांचे मूळ आणि मर्यादा

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९२४१ क्रमांकाच्या मानकाच्या अकराव्या भागात वापरसुलभतेची व्याख्या आढळते. २०१८ मध्ये या भागाची सुधारित आवृत्ती निघाली. विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट उद्दिष्टे परिणामकारकपणे, कमी श्रमात आणि समाधानाने साध्य करता येणे, असा या व्याख्येचा आशय आहे. तिच्यातील ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा. कोणतीही वस्तू निखळपणे सुलभ किंवा दुर्बोध नसते. ती कोणासाठी, कोठे आणि कशासाठी हे ठरल्याशिवाय तिचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

प्रत्यक्ष तपासणीसाठी मात्र अभ्यासक बहुधा जेकब निल्सन यांच्या दहा तत्त्वांकडे वळतात. निल्सन आणि रॉल्फ मोलिश यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सूत्रांना १९९४ मध्ये निल्सन यांनी आजचे रूप दिले. व्यवस्थेची सद्यःस्थिती दिसत राहावी, तिने वापरणाऱ्याच्या परिचयाची भाषा बोलावी, चूक झाल्यास मागे फिरता यावे, सर्वत्र सुसंगती असावी, चूक घडण्यापूर्वीच ती टळावी, माणसाला आठवावे लागू नये तर समोर पाहून ओळखता यावे, ही त्यांतील आपल्या विषयाशी निगडित तत्त्वे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात दारे, शेगड्या, दिव्यांची बटणे अशा घरगुती वस्तूंच्या आधारे हाच विचार संगणकाबाहेर आणला होता. तेव्हा तो फलाटावर आणण्यात काही अतिप्रसंग आहे असे नाही.

तथापि एक फरक लक्षात ठेवावा लागतो. निल्सन यांची तत्त्वे मेजापाशी बसलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घडली. पडद्यावर चूक झाली तर एक कळ दाबून मागे येता येते. फलाटावर ती कळ नाही. दादरहून विद्याविहारला जावयाचे असताना जलद गाडीत चढलेला माणूस घाटकोपरला उतरून उलट येतो; ही झाली सौम्य शिक्षा. विरार जलदमध्ये चुकून चढलेल्या बोरिवलीकराची काय अवस्था होते, हे पश्चिम मार्गावरील प्रवाशांना वेगळे सांगावयास नको. जेथे मागे फिरण्याची सोय नाही तेथे चूक टाळण्याच्या तत्त्वाचे वजन इतर सर्व तत्त्वांहून अधिक होते. दहा तत्त्वांना सारखेच गुण देणारी तपासणी येथे दिशाभूल करील.

आठ-बेचाळीसची बदलापूर

इंडिकेटरच्या ओळीत सामान्यतः चार घटक असतात : गाडीचे गंतव्य (नावाने वा संकेताक्षराने), वेळ, धीमी की जलद हे सांगणारे अक्षर आणि डब्यांची संख्या. यांपैकी वेळेचा घटक सर्वांत निरुपद्रवी वाटतो. घड्याळातील आकडा वाचण्यात संदिग्धता ती कसली? प्रत्यक्षात साऱ्या ओळीतील सर्वांत संदिग्ध चिन्ह हेच आहे.

मुंबईचा नोकरदार आपल्या गाडीला वेळेने ओळखतो. ‘आठ-बेचाळीसची बदलापूर’ असे तो म्हणतो तेव्हा ते विशेषनाम असते. त्या गाडीत त्याचा गट असतो, ठरलेला डबा असतो, क्वचित भजनी मंडळ असते. ती आठ वाजून एक्कावन्न मिनिटांनी आली तरी ती ‘आठ-बेचाळीस’च राहते. ‘आज आठ-बेचाळीस नऊ मिनिटे लेट आहे’ या वाक्यात त्याला काही विसंगती जाणवत नाही, कारण ‘आठ-बेचाळीस’ हे नाव आहे आणि ‘नऊ मिनिटे लेट’ ही स्थिती आहे.

इंडिकेटरवर जेव्हा ८:४२ झळकते तेव्हा रेल्वेही तो आकडा याच अर्थाने दाखवीत असते. ती वेळापत्रकातील गाडीची ओळख असते. आगमनाचे भाकीत नसते. सरावलेला प्रवासी हे जाणतो. परंतु पुण्याहून मुलाखतीसाठी आलेला तरुण किंवा रुग्णाला घेऊन परळला निघालेली गावाकडची मंडळी फलाटावरचे घड्याळ ८:५१ दाखवीत असताना वरच्या ओळीत ८:४२ वाचतात, तेव्हा त्यांच्यापुढे तीन शक्यता उभ्या राहतात. गाडी निघून गेली असेल. गाडी यायची असेल. किंवा फलक बिघडला असेल. तिन्ही शक्यता तर्कशुद्ध आहेत आणि त्यांतील कोणती खरी हे ठरविण्याचा आधार ओळीत नाही.

निल्सन यांची दोन तत्त्वे येथे समोरासमोर येतात. वापरणाऱ्याच्या परिचयाची भाषा बोलावी, हे एक. या दृष्टीने ८:४२ हा आकडा योग्यच. प्रवासी गाडीला याच नावाने हाक मारतात. सद्यःस्थिती दिसत राहावी, हे दुसरे. या दृष्टीने तोच आकडा सदोष ठरतो, कारण उशिराच्या प्रत्येक मिनिटागणिक तो स्थितीपासून दूर सरकत जातो. तत्त्वांची यादी घेऊन एकेका चौकटीत खूण करणारा परीक्षक पहिल्या ठिकाणी होकार आणि दुसऱ्या ठिकाणी नकार नोंदवून मोकळा होईल. समीक्षकाला असे करून भागत नाही. एकच चिन्ह नाव आणि स्थिती अशी दोन कामे करू पाहते आहे, आणि दोष या सरमिसळीत आहे.

काही फलकांवर गाडी किती मिनिटांत येणार याचा आकडा दिसतो. नाव एका जागी आणि स्थिती दुसऱ्या जागी ही विभागणी तत्त्वतः निर्दोष आहे. गाडी कोणत्या टप्प्यात आहे हे सिग्नल यंत्रणेला रुळांतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहावरून कळत असतेच; ती माहिती फलकापर्यंत पोचविणे हा तंत्राचा नव्हे, इच्छेचा आणि जोडणीचा प्रश्न आहे. मात्र मिनिटांच्या आकड्याला एक पथ्य सांभाळावे लागते. तीन मिनिटे दाखविणारा आकडा पाच मिनिटे हललाच नाही, तर प्रवासी त्याच्यावरचा विश्वास गमावतो, आणि हा विश्वास एकदा गेला की खरा आकडाही खोटा वाटू लागतो. रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनोव्यापारांविषयी डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या निबंधात म्हटले आहे की, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. खोट्या निश्चिततेची प्रतीक्षा बहुधा या दोहोंहून लांब असावी.

याचा परिणाम केवळ मनःस्तापापुरता राहत नाही. फलकावर विश्वास नसलेला प्रवासी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. तो पिवळी रेघ ओलांडून फलाटाच्या कडेला येतो आणि कमरेत वाकून गाडीचा दिवा दिसतो का हे पाहतो. एकाने पाहिले की दहा जण पाहतात. ध्वनिक्षेपकावरून मागे राहण्याच्या सूचना दिल्या जातात, पण त्या सूचनांचा भंग करावयास भाग पाडणारे कारण डोक्यावरच्या ओळीत दडलेले असते, हे कोणी ध्यानात घेत नाही.

संकेताक्षरांची भाषा

मध्य रेल्वेच्या संकेताक्षरांचा मासला पाहण्यासारखा आहे. ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे, येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु कुर्ला, कल्याण, कर्जत, कसारा, खोपोली या सर्व स्थानकांचे रोमन आद्याक्षर एकच. म्हणून कुर्ल्याला ‘सी’ मिळाले, खोपोलीला ‘के-पी’, कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’. शेवटच्या दोहोंचे मूळ कल्याणपलीकडे फुटणाऱ्या दोन मार्गांच्या दिशांत आहे : कसाऱ्याकडे जाणारा मार्ग ईशान्येचा आणि कर्जतकडचा आग्नेयेचा, इंग्रजीतील उत्तर आणि दक्षिण या शब्दांची आद्याक्षरे तेवढी उरली.

रेल्वेच्या कामकाजासाठी ही योजना बुद्धिमान आहे, याविषयी दुमत नसावे. एका अक्षरात गंतव्य बसविणे आणि दोन गंतव्यांत घोटाळा न होऊ देणे ही तार-दूरध्वनीच्या काळातील गरज तिने भागविली. परंतु ती गार्डने मोटरमनशी आणि नियंत्रण कक्षाने केबिनशी बोलावयाची भाषा होती. ती फलाटावर आली तेव्हा तिचा श्रोता बदलला, व्याकरण मात्र तेच राहिले. ‘एस’ हे अक्षर एका रकान्यात कर्जत असा अर्थ देते आणि शेजारच्या रकान्यात तेच अक्षर ‘स्लो’ म्हणजे धीमी असा अर्थ देते. ‘ए’ हे मध्य मार्गावर अंबरनाथ, तर पश्चिम मार्गावर अंधेरी. ‘सी’ एकीकडे कुर्ला, दुसरीकडे चर्चगेट. दादरला एका पुलावरून दोन्ही मार्गांच्या फलाटांवर उतरता येते, म्हणजे एकाच माणसाने पन्नास पावलांच्या अंतरात एकाच अक्षराचे दोन अर्थ लावावेत अशी अपेक्षा आहे. सुसंगतीच्या तत्त्वाचा याहून ठळक भंग शोधूनही सापडणे कठीण. बाजूला गंतव्याचे पूर्ण नाव असते तेव्हा हा दोष झाकला जातो. पण ज्याच्या डोळ्यांत प्रथम मोठे अक्षरच भरते त्याला नाव वाचण्याइतका अवधी मिळेलच असे नाही.

लंडनच्या अर्ल्स कोर्ट स्थानकात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील घडणीचे फलक जतन केलेले आहेत. त्यांवर सर्व संभाव्य गंतव्यांची नावे कायम लिहिलेली असतात आणि येणाऱ्या गाडीच्या नावापुढे बाणाचा दिवा लागतो. प्रवाशाला काहीही आठवावे लागत नाही. आपले नाव कोठे आहे ते तो आधीच पाहून ठेवतो आणि नंतर केवळ दिवा पाहतो. ‘आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे’ हे तत्त्व निल्सन यांनी शब्दबद्ध करण्याच्या कितीतरी आधी कोणा अनामिक कारागिराने ते लाकडात आणि काचेत उतरविले होते. मुंबईच्या गंतव्यांची संख्या आणि त्यांत होणारी वाढ पाहता ती रचना जशीच्या तशी येथे चालणार नाही. पण प्रवाशाने काय लक्षात ठेवावयाचे आणि फलकाने काय, याची तिने केलेली वाटणी आजही अभ्यासण्याजोगी आहे.

‘थांबणार नाही’

धीमी गाडी सर्व स्थानकांवर थांबते. तिचा अर्थ स्थिर आहे. ‘जलद’ या शब्दाला मात्र एकच अर्थ नाही. पश्चिम मार्गावर एखादी जलद गाडी अंधेरीपर्यंत काही स्थानके वगळते आणि पुढे सर्वत्र थांबते, तर दुसरी बोरिवलीपर्यंत तशीच जाते. मध्य मार्गावर ठाण्यापलीकडच्या थांब्यांतही फरक पडतात. या फरकांची नोंद फलकाच्या खालच्या, सरकत्या ओळीत आणि उद्घोषणेत होते, आणि ती होते नकाराच्या रूपात : ही गाडी अमुक-अमुक स्थानकांवर थांबणार नाही.

नकारार्थी रचनेवर सरसकट टीका करण्याचा मोह आवरला पाहिजे. ज्याला जलद गाडीचे नेहमीचे थांबे पाठ आहेत त्याच्यासाठी अपवाद तेवढा सांगणे हे काटकसरीचे आणि नेमके आहे. पंधरा नावे सांगण्याऐवजी दोन सांगून भागते. पण अपवाद कळण्यासाठी नियम आधी ठाऊक असावा लागतो. ‘मुलुंडला थांबणार नाही’ हे ऐकून नवखा माणूस असा निष्कर्ष काढू शकतो की गाडी मुलुंडखेरीज इतर सर्वत्र थांबते, म्हणजे नाहूरलाही थांबते. त्याचा तर्क निर्दोष आहे; चूक आहे ती गृहीतकात, आणि ते गृहीतक त्याला कोणीच सांगितलेले नाही. शिवाय नकार सरकत्या ओळीच्या अखेरीस येतो. ‘घाटकोपर, विक्रोळी, भांडुप’ ही नावे आधी डोळ्यांपुढून जातात आणि ‘येथे थांबणार नाही’ हे शब्द मागाहून येतात. ज्याने ओळीचा पूर्वार्ध पाहिला आणि गाडीकडे धाव घेतली, त्याच्यापर्यंत नेमका उलटा अर्थ पोचला. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, या साध्या व्याकरणिक वस्तुस्थितीचा विचार सरकती ओळ योजताना झालेला दिसत नाही. ‘न थांबणारी स्थानके :’ एवढे तीन शब्द आरंभी ठेवले असते तरी बरेच साधले असते.

तीन भाषा, एक चौकट

इंडिकेटर मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत बोलतो. एकाच वेळी नव्हे, एकामागून एक. या आलटून-पालटून येण्यामागे जागेची अडचण आहे आणि ती खरी आहे. परंतु वेळेची अडचण त्याहून मोठी आहे. जिना उतरताना ज्या क्षणी मान वर होते त्या क्षणी फलकावर नेमकी आपल्याला न वाचता येणारी लिपी असेल, तर चक्र पूर्ण होईपर्यंत थांबणे एवढेच हाती उरते. आणि गाडी त्यासाठी थांबत नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एक असल्यामुळे येथे चक्राचा मोठा भाग एकाच लिपीला मिळतो, हा मराठी वाचकाचा लाभ आहे. ज्याला केवळ रोमन लिपी येते, त्या दाक्षिणात्य वा परदेशी प्रवाशाला चक्राचा छोटा वाटा येतो. आणि ज्याला कोणतीच लिपी येत नाही, त्याच्यासाठी फक्त रंग, आकडा आणि ध्वनी उरतो.

याही ठिकाणी सरमिसळच नडते. स्थानकाचे नाव भाषेनुसार बदलावे हे समजू शकते; पण आकडे का बदलावेत? काही फलकांवर भाषेसोबत अंकही देवनागरी आणि रोमन असे पालटतात. वेळ, मिनिटे आणि डब्यांची संख्या ही भाषानिरपेक्ष माहिती एकाच रूपात, एकाच जागी स्थिर राहिली तर चक्रातील प्रत्येक क्षणी ओळीचा अर्धा भाग तरी सर्वांना वाचता येईल. अंक कोणते असावेत, याविषयी मराठी अभिमानाची बाजू प्रस्तुत लेखकाला परकी नाही. तरीही देवनागरी अंक ठेवा वा रोमन ठेवा, पण ते स्थिर ठेवा, हे म्हणणे अधिक महत्त्वाचे वाटते.

देवनागरीच्या वाट्याला आणखी एक अन्याय येतो. ठिपक्यांच्या चौकटीत अक्षर बसविण्याची पद्धत रोमन कॅपिटल अक्षरांसाठी घडली. पाच ठिपके रुंद आणि सात ठिपके उंच अशा चौकटीत ती स्वच्छ बसतात. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार यांसाठी, तसेच खाली उकार आणि जोडाक्षरांसाठी जागा लागते. ती न दिल्यास ‘कुर्ला’मधील रफार आणि उकार दोन्ही आकसतात, ‘अंबरनाथ’मधील अनुस्वाराचा एक ठिपका जळाला की शब्दच बदलतो. रोमन अक्षरातील एखादा ठिपका गेला तर अक्षर लंगडते, देवनागरीतील गेला तर कित्येकदा ते दुसरे अक्षर होते. तेव्हा समान उंचीच्या चौकटी देणे म्हणजे दोन्ही लिप्यांना समान वागणूक देणे नव्हे. याच संदर्भात ‘सीएसएमटी’ या लेखनाचाही उल्लेख करावयास हवा. १९९६ आणि २०१७ मधील नामांतरांनंतर या स्थानकाचे पूर्ण नाव फलकावर मावणे अशक्य झाले, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांचे उच्चार देवनागरीत लिहिले गेले. रोमनमध्ये चार खुणांत बसणारे हे लघुरूप देवनागरीत आले की आखडण्याऐवजी फुगते, आणि अजूनही ‘व्हीटी’ म्हणणाऱ्या वृद्ध प्रवाशाला त्यातून काही बोध होत नाही तो नाहीच.

निर्णयाची जागा

फलक कोठे लावला आहे, हा त्यातील मजकुराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रवासी कोणत्या फलाटावर जावयाचे हे फलाटावर ठरवीत नाही. तो ते पुलावर ठरवितो. पुलावर सर्व फलाटांची एकत्रित माहिती नसेल तर तो जिन्याच्या तोंडाशी थबकून, वाकून खालचा इंडिकेटर वाचण्याचा प्रयत्न करतो. त्याच्या मागे आलेला लोंढा तेथेच अडतो. अनेक स्थानकांतील पुलांवर आता फलक आले आहेत ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते जिना उतरण्याच्या जागेच्या नेमके वर लावले तर थबकण्याची जागा तीच राहते. फलक दहा पावले आधी हवा. फलाटांवर दिवसा सूर्यप्रकाशात मंदावणारी अक्षरे आणि जवळच अधिक प्रखरतेने झळकणारे जाहिरातींचे पडदे हा विषय स्वतंत्र आहे. कोणत्या मजकुराला किती प्रकाश द्यावयाचा, हा प्राधान्यक्रमाचा निर्णय असतो एवढे म्हणून पुढे जाऊ.

दादर येथे ९ डिसेंबर २०२३ पासून झालेला फलाटांचा फेरक्रम या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यापूर्वी पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर ‘फलाट क्रमांक एक’ होता. दोन रेल्वे, दोन प्रशासने, म्हणून दोन क्रम. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र दादर हे एकच स्थानक. फेरबदलानंतर पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य मार्गाचे फलाट ८ ते १४ झाले. नेहमीच्या प्रवाशांची सवय मोडली आणि कुरकुर झाली हे खरे. पण आता ‘दादर, फलाट क्रमांक तीन’ या शब्दांना एकच अर्थ आहे. वर ज्या संकेताक्षरांच्या द्व्यर्थाची चर्चा केली, त्यांच्याबाबतीतही असेच काही करता येईल हे या उदाहरणावरून दिसते. सरावलेल्यांची थोड्या दिवसांची गैरसोय आणि नवख्यांची कायमची गैरसोय यांत निवड करावयाची असेल, तर दादरला ती योग्य प्रकारे झाली असे म्हणावे लागेल.

नावांची संदिग्धता गर्दीत किती भयंकर ठरू शकते, हा प्रश्न मुंबईबाहेरच्या एका दुर्घटनेने समोर आणला. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकात कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अठरा जण मृत्युमुखी पडले. ‘प्रयागराज’ हे नाव असलेल्या दोन गाड्या, एक एक्स्प्रेस आणि एक विशेष, यांच्याविषयीच्या उद्घोषणेमुळे प्रवाशांचा गोंधळ उडाला असे पोलिसांकडून प्रथम सांगण्यात आले. पुढे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत एका प्रवाशाच्या डोक्यावरील मोठा बोजा पडल्याचे कारण दिले. कारणांच्या या दोन मांडण्यांत निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जिन्यावर दाटलेल्या गर्दीच्या कानी सारखी दोन नावे एकामागून एक पडावीत, ही परिस्थितीच मुळात निर्माण होऊ नये, एवढे म्हणण्यासाठी चौकशीच्या निष्कर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही.

वाढती विशेषणे

इंडिकेटरची ओळ ज्या काळी घडली त्या काळी गाड्यांमध्ये भेद थोडे होते. पुढे ते वाढत गेले. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर महिला विशेष गाडी सुरू झाली. पश्चिम मार्गावर २००९ पासून आणि मध्य मार्गावर २०१२ पासून पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल आली. प्रत्येक नव्या भेदाने ओळीत एक विशेषण वाढविले. ओळीची लांबी मात्र तीच राहिली.

या विशेषणांचे वजन सारखे नाही. बारा की पंधरा डबे हे उशिरा कळले तर फलाटावर धावाधाव होते, कारण महिलांचा वा अपंगांसाठीचा डबा वेगळ्या जागी येतो. लाठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही धावाधाव शक्य नसते. वातानुकूलित गाडी न ओळखता चढलेल्या साध्या तिकिटाच्या प्रवाशाला दंड भरावा लागतो, आणि तिचे दरवाजे मिटत असल्यामुळे चूक ध्यानात येताच उडी मारून उतरण्याचा मुंबईकराचा जुना, धोक्याचा उपायही खुंटतो. म्हणजे जी माहिती चुकल्यास परतीचा मार्ग बंद होतो ती ओळीत प्रथम यावी, आणि ज्यामुळे फार तर चार पावले अधिक चालावे लागतात ती नंतर. प्रत्यक्षात क्रम ठरला तो माहिती कोणत्या वर्षी जोडली गेली यावरून. वातानुकूलित हे विशेषण सर्वांत नवे, म्हणून ते कोठेतरी कडेला वा सरकत्या ओळीत.

अलीकडे नेहमीच्या प्रवाशांनी इंडिकेटरकडे पाहणेही कमी केले आहे. भ्रमणध्वनीवरील एम-इंडिकेटरसारख्या सुविधांनी वेळापत्रक खिशात आणले आणि सहप्रवाशांकडून गाडीच्या उशिराची खबरही तेथेच मिळू लागली. याचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. फलकाविषयी तक्रार करू शकणारा, वर्तमानपत्रांत पत्र लिहू शकणारा, प्रवासी संघटनेच्या बैठकीला जाणारा वर्ग फलकावर अवलंबून राहिलेला नाही. जो अजून अवलंबून आहे, तो नवखा, वृद्ध, अल्पशिक्षित किंवा साधा फोन बाळगणारा आहे. नवखा माणूस दुसऱ्या खेपेला सरावलेला होतो आणि पहिल्या खेपेचा त्रास विसरतो. बाकीच्यांचा आवाज फलाटाबाहेर जात नाही. त्यामुळे ज्याच्यासाठी फलकाची सर्वाधिक गरज आहे, त्याचीच साक्ष कोठे नोंदली जात नाही.

ही साक्ष मिळविण्याचा एक स्वस्त मार्ग महाविद्यालयांच्या हाती आहे. वापरसुलभतेच्या चाचणीसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक फेरीत पाच-सहा माणसांचे निरीक्षण केले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात, असे निल्सन यांनीच आग्रहाने मांडले आहे. मुंबईच्या फलाटावर तर प्रश्नावलीही तयार करावयास नको. इंडिकेटरखाली एक माणूस दुसऱ्याला सतत काही ना काही विचारीत असतो : ‘ही ठाण्याला थांबते का?’, ‘स्लो आहे ना?’, ‘एसी आहे का हो?’, ‘कल्याणवाली गेली का?’. विचारणाऱ्याने वर पाहिलेले असते आणि तरीही त्याला विचारावे लागते. मराठी, मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांतील विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन सकाळच्या दोन तासांत असे प्रश्न, शब्दशः आणि त्या क्षणी फलकावर काय लिहिले होते त्यासह, टिपून घ्यावेत. ओळीतील कोणत्या शब्दाला कोणता प्रश्न चिकटतो, हे त्या वह्यांतून दिसेल.